शेफ मिकीकडे नाश्ता, आणि एका गणवेशवालीची नजर

समोर माणूस आला की मी आधी त्याची कॉलर बघते, मग तोंड. तीस वर्षं सोलापुरात शाळांचे गणवेश शिवून लागलेली ही खोड आहे, आता जायची नाही. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात फ्लोरिडामध्ये मिकी माउस माझ्या खुर्चीला खेटून उभा राहिला तेव्हा आजूबाजूचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघून हसत होते आणि मी त्याच्या हातमोज्याची शिवण बघत होते. चार बोटांचा पांढरा हातमोजा, पाठीवर तीन काळ्या रेघा. बोटांच्या बेचक्यात कापड हटकून चुणी धरतं, तिथं एक चुणी नाही. "आई, कॅमेऱ्याकडे बघ ना!" लेक ओरडली. पण फोटो तसाच आलाय. मिकी हसतोय, नात त्याला चिकटलीय आणि मी तपासणीला आलेल्या बाईसारखी त्याचा पंजा धरून बसलेय.

हा फोटो बघून आमच्या भिशीतल्या दोघींनी विचारलं, की मिकीबरोबरच्या या नाश्त्याला जावं का आणि एवढे पैसे घालावेत का. दोघींची पोरं तिकडंच आहेत, नातवंडं लहान आहेत, म्हणजे आज ना उद्या त्यांच्यावर ही वेळ येणारच. त्यांना फोनवर सांगता सांगता माझा चहा दोनदा गार झाला, म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी एक गैरसमज काढते. मलाही वाटलं होतं की हा नाश्ता डिस्नेच्या 'मॅजिक किंगडम' पार्कात, तिथल्या राजवाड्याच्या आसपास कुठंतरी असतो. तसे नाश्ते आहेत, पण हा नाही. आम्ही गेलो ते 'शेफ मिकीज', आणि ते आहे डिस्नेच्याच 'कंटेम्पररी रिसॉर्ट' नावाच्या हॉटेलात. पार्क तिथून पायी दहा मिनिटांवर. त्यामुळे नाश्त्याला पार्कचं तिकीट लागत नाही. ही गोष्ट फार मोठी आहे, कारण पार्कचं तिकीट काढायचं आणि त्यातले सकाळचे दोन तास खाण्यात घालवायचे, हे कुठल्याही सोलापूरकराच्या जिवावर येईल. आम्ही पहिल्या दिवशी नुसता नाश्ता केला, हॉटेलमागच्या तळ्याकाठी बसलो, आणि पार्कात दुसऱ्या दिवशी गेलो.

हॉटेलही बघण्यासारखं आहे. 1 ऑक्टोबर 1971 ला पार्क उघडलं, त्याच दिवशी हेही उघडलं. लोखंडाचा मोठा सांगाडा उभा केला, खोल्या बाहेर जमिनीवर तयार केल्या आणि क्रेननं उचलून कपाटात खण सरकवावेत तशा आत सरकवल्या, असं जावईबापूंनी सांगितलं. ते स्वतः बांधकामातले इंजिनिअर, सोलापुरातच शिकलेले, त्यामुळे खोल्यांचं पुराण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चाललं. बरं, हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते. खरोखरची. आपण खाली बसून खातोय आणि डोक्यावरून गाडी हॉटेलात शिरतेय, थांबतेय, निघतेय. आमच्या विहीणबाई बार्शीच्या. त्यांनी पहिली गाडी गेल्यावर विचारलं, "आणि हिचा धूर?" विजेवर चालते म्हटल्यावर त्यांना जरा निराशाच वाटली.

त्याच मधल्या उंच दालनात नव्वद फूट उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र आहे. मेरी ब्लेअर नावाच्या चित्रकर्तीनं केलेलं, हातानं रंगवलेल्या सुमारे 18 हजार टाइल्सचं. त्यात एक शेळी आहे आणि तिला पाय पाच आहेत. मोनोरेलच्या बाजूनं बघितलं की दिसते. लोक मुद्दाम ती शेळी शोधायला जातात. मी दोनदा मोजले, पाचच. मनात म्हटलं, आमच्या कारखान्यात कुणी तीन बाह्यांचा शर्ट शिवला असता तर शाळेनं अख्खा गठ्ठा परत पाठवला असता, आणि इथं त्या पाचव्या पायाचे फोटो काढतात.

बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. पहाटे सहाच्या सुमाराला उठून लेकीनं फोनवर बोटं मारली. आपल्या तात्काळ तिकिटाचा अनुभव असलेल्या माणसाला ते जड जात नाही. तारीख मिळाली ती नातीच्या, म्हणजे सोनूच्या वाढदिवसाची, वेळ सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची. मला ऑक्टोबरच जमतो, कारण मे ते जुलै आमचा हंगाम, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. एक लक्षात ठेवा, बुकिंग रद्द न करता गेलाच नाहीत तर माणशी पैसे कापून घेतात. हॉटेलच्या गेटवरही बुकिंग दाखवल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत.

आता खरं सांगायचं तर मला या नाश्त्याची धास्ती होती. त्याचं कारण सोलापुरात आहे.

दोन वर्षांपूर्वी लेक सोनूला घेऊन आली होती. होटगी रोडला नात्यातल्या एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. डेकोरेशनवाल्यानं दारात ससा उभा केला होता. तो ससा मीच शिवलेला. म्हणजे असं, गणवेशाच्या हंगामानंतर हातात काम नसतं तेव्हा मी नाही कशालाच म्हणत नाही. पांढरं लवेचं कापड, आत फोम, डोक्याला तारेचा पिंजरा, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. एप्रिल महिना होता. सोलापूरचा एप्रिल कसा असतो ते काय सांगू, संध्याकाळी सातलासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तो पोरगा तासभर पोरांशी हात मिळवत उभा होता. मग त्याला सोसेना. त्यानं सगळ्यांसमोर सशाचं डोकं उपटून काढलं, बाजूला ठेवलं आणि बाटलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. सोनू तेव्हा तीन वर्षांची. तिनं सशाचं मुंडकं खुर्चीवर पडलेलं पाहिलं, आणि जे भोकाड पसरलं ते घरी येईपर्यंत. त्यानंतर मोठ्या डोक्याचं काहीही दिसलं की ती तोंड लपवायची. अगदी दुकानासमोरचा फुगवलेला बाहुला सुद्धा.

त्यामुळे पाचव्या वाढदिवसाला पाच मोठी डोकी आपण होऊन टेबलापाशी येणार आणि त्यासाठी आपणच पैसे मोजणार, हा लेकीचा बेत मला काही पटला नव्हता. पण तिथं मी पाहुणी. गप्प बसले.

टँपाहून पहाटे निघालो. दारात नाव सांगितलं. वाढदिवस आहे म्हटल्यावर सोनूच्या जाकिटावर लावायला एक बिल्ला दिला, फुकट. तो मागून घ्या, त्याचा पुढं उपयोग होतो. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. उघडं दालन, वर मोनोरेल, खाली शंभर पोरं आणि मधूनच गाणं. ज्यांना शांतपणे पेपर वाचत चहा प्यायचाय त्यांनी तिकडं फिरकू नये. मला त्रास झाला नाही, तीस मशीनांच्या खडखडाटात माझं आयुष्य गेलंय.

आमच्या टेबलाचं बघणारा मुलगा प्वेर्तो रिकोचा होता. हे मी विचारलं नाही, त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली गावाचंही नाव होतं. तिथं काम करणाऱ्या सगळ्यांच्या बिल्ल्यावर असतं. मला हे इतकं आवडलं! मी माझ्या छातीवर बोट ठेवून "सोलापूर" म्हटलं. त्यानं दोनदा म्हणून बघितलं, आणि पुढं बिल देईपर्यंत तो मला "मिसेस सोलापूर" म्हणत होता. शहाण्या मुलाला टीप मिळण्याचा मार्ग बरोबर माहीत असतो.

खाण्याबद्दल. बुफे आहे, हवं तेवढं घ्या. मिकीच्या तोंडाच्या आकाराचे वॅफल, पॅनकेक, अंड्याचे प्रकार, बेकन, सॉसेज, बटाटे, पाव-बिस्किटं, फळं, दही, रस. विहीणबाईंना अंडंही चालत नाही. तसं सांगितल्यावर एक शेफ स्वतः बाहेर आला आणि त्यांना घेऊन बुफेच्या कडेकडेनं फिरला, यात अंडं आहे, याला मांसाची चरबी आहे, हे चालेल, हे चालेल. लेक मधे उभी राहून मराठीत सांगत होती. तो माणूस इतक्या सबुरीनं सांगत होता की विहीणबाई शेवटी मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात आचाऱ्यानं एवढं विचारलं असतं तर?" तेव्हा शाकाहारी मंडळींनी लाजू नये, बसल्या बसल्याच सांगावं. वॅफल-पॅनकेकला हात लावण्याआधी विचारावं, आणि पांढरी दाट ग्रेव्ही दिसली तर ती आपली कढी आहे असं समजून वाढून घेऊ नये. तिकडच्या त्या ग्रेव्हीत सहसा सॉसेज असतं.

ग्रिट्स नावाचा एक पदार्थ होता. मक्याचा जाडसर रवा शिजवलेला. दिसायला थेट उप्पीट. मी मोठ्या आशेनं डावभर घेतलं. फोडणी द्यायची राहूनच गेलेलं उप्पीट ते. पण मी सोलापूरची आहे, शेंगाची चटणी पर्समध्ये नसेल तर घराबाहेर पाऊल टाकत नाही. पुडी काढली, ग्रिट्सवर घातली, भाजलेल्या बटाट्यावर घातली. आता त्याला चव आली. जावईबापूंनी आधी "अहो आई, इथं कशाला" म्हणत इकडंतिकडं बघितलं आणि मग हळूच ताट पुढं केलं. बटाटा आणि शेंगाची चटणी, दोन्ही तिथं चांगलेच संपले. फळं उत्तम, पेरू-संत्र्याचा एक मिश्र रस सोनूनं तीनदा मागितला. बाकी जे आहे ते त्यांच्या जिभेचं आहे, आपल्या जिभेचं नाही, त्यात त्यांचा काय दोष. ज्याला नुसतं खायलाच जायचंय त्यानं जाऊ नये, एवढंच म्हणते.

कारण माणसं तिथं खायला येतच नाहीत. पहिला आला गूफी, डिस्नेच्या कार्टूनातला तो उंच कुत्रा.

लांबून येताना दिसला, टेबलाटेबलाशी थांबत. सोनूनं काटा खाली ठेवला आणि टेबलाखाली गेली. टेबलाच्या कापडाचं टोक मुठीत. लेकीनं मोबाइल खाली ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, आता तीनशे डॉलरचं रडणं.

गूफी आमच्या टेबलापासून चार पावलांवर थांबला. त्यानं सगळं पाहिलं असणार, रिकामी खुर्ची, वाढदिवसाचा बिल्ला लावलेलं छोटं जाकीट, टेबलाखालून दिसणारे दोन बूट. तो पुढं आलाच नाही. आमच्याकडं पाठ करून उभा राहिला आणि इकडंतिकडं शोधल्याचं नाटक करायला लागला. छताकडं बघ, शेजारच्यांच्या ग्लासात बघ, स्वतःच्या टोपीत बघ. ही मंडळी बोलत नाहीत, एक शब्द नाही, सगळं हातापायांनी. शेजारचं टेबल हसायला लागलं. कापडाचं टोक थोडं वर झालं. गूफी वळला की टोक खाली. पाठ केली की वर. असं चार-पाच वेळा झाल्यावर तो नमस्कार केल्यासारखा वाकला आणि चक्क निघून गेला. दुसऱ्या टेबलाकडं.

टेबलाखालून आवाज आला, "गेला?"

"गेला गं."

"का गेला?"

इथं मी हरले. माझ्या सशाच्या पोराला कुणी शिकवलं असतं का, की पोर घाबरलं तर पाठ कर, वाट बघ आणि निघून जा? आम्ही त्याला सांगितलं होतं, "जाऊन हात मिळव."

दहा मिनिटांनी मिनी आली तेव्हा सोनू खुर्चीवर होती, अर्धी माझ्या पदराआड. मिनीनं फक्त बिल्ल्याकडं बोट दाखवलं आणि पाचही... चुकले, चारच बोटं आहेत तिला. चार बोटं एका हाताची आणि एक दुसऱ्या हाताचं, असे पाच मोजून दाखवले. सोनूनं मान हलवली. एवढंच. मिनीच्या डोक्यावरच्या बोवर पांढरे ठिपके. ठिपक्याचं कापड शिवताना शिवणीवर ठिपका तुटतो, अर्धा इकडं अर्धा तिकडं, आणि तो जुळवायचा म्हणजे कापड वाया घालवावं लागतं. मालक कापड वाया घालवू देत नाहीत. मी उठून मागून बघितलं. ठिपके जुळवलेले होते. कुणीतरी कापड वाया घालवायची परवानगी दिली होती!

डोनाल्ड बदकाबद्दल काय बोलावं. वर कोट, खाली काहीच नाही. 1934 पासून हा असाच फिरतोय. आमच्याकडं त्याला अर्धा सेट म्हणतात. पण मागं शेपटीजवळ जिथं कोट संपतो आणि पिसांचं कापड सुरू होतं, तिथली लव सगळी एका दिशेनं बसवलेली. लवेचं कापड कापताना एक तुकडा जरी उलटा पडला तरी उजेडात वेगळा रंग दिसतो. माझ्या सशाची डावी मांडी अशीच पिवळट दिसायची. मिकीचा कुत्रा प्लुटो येऊन सोनूच्या ताटाचा वास घेऊन गेला. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

एक गोष्ट माझ्या लगेच ध्यानात आली, जी बहुतेकांच्या येत नसावी. ही मंडळी सलग बाहेर नसतात. थोडा वेळ फिरतात, मग कुणीतरी सोबत येऊन त्यांना हळूच आत घेऊन जातं, परत काही वेळानं येतात. पोरांना वाटतं मिकी स्वयंपाकघरात काम बघायला गेला. मला बरं वाटलं. आत जो कुणी आहे त्याला पाणी मिळतंय. आणि मुख्य म्हणजे, तिथं डोकं काढून खुर्चीवर कुणी ठेवत नाही. सोनूनं तसं काही पाहिलं नाही, आणि आता कधी पाहणार नाही असं वाटतं.

मग सगळ्यांनी नॅपकीन फिरवायचे, असा एक प्रकार होतो. गाणं लागतं, पाचही जण नाचतात आणि अख्खं दालन आपापला नॅपकीन डोक्यावर गरागरा फिरवतं. आता सोलापूरच्या माणसाला नॅपकीन फिरवायला सांगणं म्हणजे... आमच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आमच्याकडं लग्नात, सत्कारात, वाटेत भेटलेल्या पाहुण्याला सुद्धा टॉवेल-टोपी होते. टेबलावरचा त्यांचा नॅपकीन ठीक होता, पातळ कापडाचा. विहीणबाईंनी तो बाजूला ठेवला, पिशवीतून माझ्या दुकानातूनच नेलेला गुलाबी टेरी नॅपकीन काढला आणि उभं राहून फिरवायला लागल्या. त्याला काय वारं सुटलं! शेजारच्या टेबलावरच्या कागदी टोप्या हलल्या. गूफीनं ते पाहिलं. नाचत नाचत आला, नॅपकीनकडं बोट करून 'मला?' असं विचारलं. विहीणबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. आपल्याकडं घालतात तसा दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर घातला आणि नमस्कार केला. गूफीनंही हात जोडले. दोनदा. मग तो नॅपकीन नीट घडी करून परत द्यायचा प्रयत्न त्यानं केला, पण चार जाड बोटांनी टेरीची घडी होत नाही. त्याचा बोळा करून सोनूच्या हातात ठेवला. सोनूनं घेतला. गूफीच्या हातून.

मिकी शेवटी आला. यजमान तो, म्हणून असेल. तेव्हा तिकडं सकाळचे नऊ वाजत आले होते, म्हणजे सोलापुरात संध्याकाळचे साडेसहा. यांना व्हिडिओ कॉल लावला. हे दुकानात, मागं मशीन चालू, हातात चहाचा कप. लेकीनं फोन मिकीकडं वळवला. यांनी क्षणभर निरखून बघितलं आणि ओरडले, "काय बे मिकी! जेवलास का?"

सोनूनं भाषांतर केलं. ती पाच वर्षांची पोरगी, जी अर्ध्या तासापूर्वी टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हती, तिनं मिकीचा कोट ओढून त्याला इंग्रजीत विचारलं, आजोबा विचारतायत तू जेवलास का. मिकीनं दोन्ही हात पोटावर ठेवले, मान नाही म्हणून हलवली आणि आमच्या ताटाकडं बघितलं. यांचा आवाज आला, "अगं दे की त्याला, बघत काय बसलीस!" आता मिकीला शेंगाची चटणी कुठून देऊ. त्या वेळी मी त्याचा हात धरला. तोच तो फोटो.

सह्यांसाठी वही नेणार असाल तर पेन जाड न्या. आम्ही साधं बॉलपेन नेलं होतं. त्या हातमोज्यात ते सुईसारखं दिसत होतं. तरी मिकीनं आपली सही अगदी वळणदार करून दिली. आणि कुणी राहिलं तर टेबलाच्या मुलाला सांगा, उठून मागं धावू नका. पाचही जण प्रत्येक टेबलाला येतात, हाच तर या नाश्त्याचा करार आहे.

आता पैसे. दहा वर्षांचा आणि त्यावरचा तो मोठा, माणशी पन्नास डॉलरच्या वर. तीन ते नऊ वर्षांच्या पोरांना कमी, तीनच्या आत फुकट. त्यावर टॅक्स आणि टिप. सहा किंवा जास्त माणसं असली तर टिप 18 टक्के बिलातच लावतात. आम्ही चार मोठे आणि एक छोटी, त्यामुळं जावईबापूंनी हातानं लिहिली. आमच्या धंद्यात टीप मशीनवर मारतात, तिथं बिलावर. सगळं मिळून तीनशे डॉलरच्या वर गेलं. रुपयात पंचवीस हजाराच्या पुढं. एवढ्यात माझं एक नवं शिलाई मशीन आलं असतं, हे मी मोठ्यानं बोलले नाही, पण लेकीला कळलं.

तरी भिशीतल्या त्या दोघींना मी 'जा' म्हणाले. का ते दुसऱ्या दिवशी पार्कात कळलं. तिथं अशाच एका पात्राला भेटायला मोठी रांग, ऊन डोक्यावर, आणि पुढं गेल्यावर एक फोटो की झालं पुढचा. रांगेत उभी असलेली सोनू काही टेबलाखाली जाऊ शकली नसती, आणि मिकीही तिच्यासाठी चार पावलांवर थांबू शकला नसता, मागं शंभर माणसं. नाश्त्याला वेळ असतो. पोर घाबरलं तर निघून जाता येतं आणि परत येता येतं. तीनशे डॉलर त्या परत येण्याचे आहेत, वॅफलचे नाहीत. ज्यांची नातवंडं तीन-चार ते आठ वर्षांची आहेत त्यांनी जावं, एकदाच जावं. मोठी पोरं असतील तर तो पैसा पार्कात घाला. आणि बुकिंग सकाळचं लवकरचं घेऊ नका हं, आम्ही आठ दहाचं घेतलं तर पहाटे पाचला उठावं लागलं. दहाच्या पुढचं मिळालं तर दुपारचं जेवण वाचतं. हा हिशेब विहीणबाईंचा.

सोलापुरात परत आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात डेकोरेशनवाल्याला फोन केला, ससा घेऊन ये म्हटलं. त्याला वाटलं मी पैसे मागते. आणला. दोन वर्षांत सशाची लव गोळा होऊन गेली होती, आतून घामाचा वास. डावी मांडी उसवली, नवा तुकडा लव बघून लावला. डोक्याच्या आतला फोम काढून सुती अस्तर घातलं, काढता-धुता येईल असं. तोंडाचं लाल कापड कापून तिथं काळी जाळी बसवली, बाहेरून दिसत नाही. मानेला मागून चेन दिली.

"किती द्यायचे काकू?" त्यानं विचारलं.

"काही देऊ नको. दर अर्ध्या तासाला पोराला पडद्यामागं बसवायचं. आणि पोरांसमोर डोकं काढायचं नाही, मेलं तरी."

तोच पोरगा बरोबर आला होता, आता मिशी फुटलीय त्याला. मी म्हटलं, घालून बघ. त्यानं डोकं चढवलं, चेन लावली, पंख्याखाली जाऊन उभा राहिला. मशीनवरच्या बायका थांबून बघायला लागल्या. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग जाळीतून आला,

"वारं येतंय की, काकू."